ईश्वर चांगला, तर दुःख का? : एक वाद, दोन पक्ष

ईश्वर सर्वशक्तिमान आहे. तो पूर्णपणे चांगला आहे. आणि जगात दुःख व दुष्टावा आहे. ही तीन विधाने सुटी सुटी मान्य करायला कोणाला फार जड जात नाही. तिन्ही एकदम मान्य करायची म्हटली की पेच पडतो. दुःख थांबवण्याची शक्ती आहे पण इच्छा नाही, तर ईश्वराला चांगले कसे म्हणायचे? इच्छा आहे पण शक्ती नाही, तर सर्वशक्तिमान कसे म्हणायचे? युरोपात हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितला जातो. तत्त्वज्ञानाच्या मराठी ग्रंथांत त्याला 'अनिष्टाची समस्या' म्हणतात.

भारतात हा आक्षेप घेणारे सगळे वेद झुगारणारे नव्हते. वेदप्रामाण्याचा कट्टर कैवारी असलेल्या मीमांसक कुमारिल भट्टाने 'श्लोकवार्तिका'त सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पनाच नाकारली. करुणेपोटी ईश्वराने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीच्या आधी करुणा करण्याजोगे दुःखी जीव होते कुठे? आणि करुणेनेच केली असती, तर त्याने निखळ सुखाची सृष्टी केली असती. हा त्याचा मुद्दा आजही तितकाच धारदार आहे. जैन आणि बौद्ध परंपरांनी सृष्टिकर्ता मानलाच नाही. दुःखाचा विचार त्यांनी इतर कोणापेक्षा कमी केला नाही, पण त्याबद्दल जाब विचारायला त्यांच्यासमोर कोणी नव्हते.

पुढे दोन बाजू जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने समोरासमोर ठेवल्या आहेत. एक आक्षेपक, दुसरा ईश्वरवादी. दोघेही काल्पनिक आहेत. त्यांच्या तोंडचे युक्तिवाद मात्र खरोखर मांडले गेलेले आहेत. शास्त्रग्रंथात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, खोडून काढण्यासाठीच उभा केला जातो. येथे तसे आधी ठरवलेले नाही.

कर्माचे उत्तर

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा आक्षेप आडपडदा न ठेवता येतो. ईश्वराने जग निर्माण केले म्हणावे, तर त्याच्यावर दोन दोष लागतात: पक्षपात आणि निर्दयपणा. शंकराचार्य भाष्यात आक्षेप आणखी ठसठशीत करतात. देव अत्यंत सुखी, पशू अत्यंत दुःखी आणि माणसे अधलीमधली, अशी विषम रचना निर्मळ ईश्वराला शोभते का? त्यांचे उत्तर असे की ईश्वर स्वतःच्या लहरीने ही विषमता करत नाही, तो जीवांच्या कर्मांना धरून सृष्टी करतो. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवणार की जव, हे बियाण्यावर ठरते.

आक्षेपक : पावसाला निवड करता येत नाही, म्हणून त्याला दोष देत नाहीत. तुमचा ईश्वर सर्वज्ञ आहे. काय उगवणार हे त्याला ठाऊक असते. आणि पहिल्या जन्मी कर्मच नव्हते, तेव्हाची विषमता कशामुळे आली?

ईश्वरवादी : पहिला जन्म असा नाहीच. सूत्रकारांनी लगेच पुढच्या सूत्रात हे सांगितले आहे. संसार अनादि आहे. बीज आधी की अंकुर आधी, याला जसा शेवट नाही तसाच कर्म आणि जन्म यांनाही नाही.

आक्षेपक : अनादि म्हटल्याने उत्तर मिळत नाही, ते फक्त मागे मागे ढकलले जाते. ही सगळी मालिका मुळात अशीच का, दुसऱ्या तऱ्हेची का नाही, हे विचारायचे राहतेच. तेही सोडू. ज्या अपराधाची आठवण नाही, जो कधी कोणी सांगितला नाही, त्याची शिक्षा भोगणाऱ्या तान्ह्या मुलाने त्यातून शिकायचे काय?

ईश्वरवादी : तुम्ही कर्माला फर्मान समजता. कर्म हा नियम आहे, आणि नियमाला आठवण लागत नाही.

आक्षेपक : नियम आपोआप चालतो, तर मीमांसकांसारखे स्पष्ट म्हणा की ईश्वर नको. ईश्वर चालवतो म्हणाल, तर जबाबदारी त्याच्याकडे येते.

येथे ईश्वरवादी नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, मदत घेतो. 'न्यायकुसुमांजली'चा कर्ता उदयन याचे म्हणणे असे की पूर्वकर्मांतून साठलेले अदृष्ट अचेतन आहे, आणि अचेतन वस्तू योग्य वेळी योग्य फळ देऊ शकत नाही. तिला चेतन अधिष्ठाता लागतो. ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून हा युक्तिवाद बांधीव आहे. पण ज्या घडीला ईश्वर फळ वाटणारा ठरतो, त्या घडीला प्रत्येक फळाचा हिशेबही त्याच्याकडेच येतो. आक्षेपकाने दाखवलेली फट उदयनाने बुजत नाही.

कर्मसिद्धान्ताबद्दलची सर्वांत गंभीर तक्रार तर्काची नसून त्याच्या वापराची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा असणे शक्य नाही असे मांडले. गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही. या तक्रारीला ईश्वरवाद्याकडे चांगले उत्तर नाही. जो विहिरीवर पाणी भरू देत नाही त्याच्याऐवजी, ज्याला भरू दिले जात नाही त्याच्या मागच्या जन्माकडे बोट दाखवणारा विचार ईश्वराचा बचाव करत असेलही. अन्याय करणाऱ्याचा बचाव तो नक्कीच करतो.

माणसाला दिलेली निवड

ईश्वर मानूनही वेगळ्या वाटेने जाणारे आहेत. जोतीराव फुले त्यांतले एक. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ साली, मृत्यूच्या पुढच्या वर्षी निघाले. त्यात म्हटले आहे की निर्मिक, म्हणजे निर्माता, एकच आहे, त्याने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क देऊन निर्माण केले, आणि उच्चनीचता ही धूर्त माणसांची करणी आहे. निर्मिकावर जोतीरावांची श्रद्धा आहे. दोष मात्र ते जेथला तेथे ठेवतात.

ईश्वरवादी : मला हीच वाट पुढे न्यायची आहे. चांगले वागणे मोलाचे ठरते ते वाईट वागता येत असतानाही माणूस तसा वागला नाही म्हणून. निवड देणाऱ्याने निवडीचा गैरवापर होण्याची शक्यताही पत्करली.

आक्षेपक : ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली याच मुद्द्यावर प्रश्न विचारला होता. माणूस एखाद्या वेळी स्वतःहून चांगले निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वतःहून चांगलेच निवडणारी माणसे निर्माण करायला सर्वशक्तिमानाला काय अडचण होती?

ईश्वरवादी : त्याला अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली उत्तर दिले. माणूस खरोखर स्वतंत्र असेल तर तो काय निवडेल हे निर्मात्याच्या हाती राहत नाही. निवडही माणसाची आणि निकालही ईश्वराने ठरवलेला, असे जग कल्पनेतसुद्धा मांडता येत नाही.

येथे ईश्वरवाद्याने मोठी बाजी मारली आहे, हे मान्य करायला हवे. चांगला ईश्वर आणि अनिष्ट एकत्र असणे तर्कतः अशक्यच आहे, असा कडक दावा आज फार थोडे तत्त्वज्ञ करतात. आक्षेपकांनी आपला दावा बदलला. अशक्य नसेल, पण हे सगळे दुःख पाहता असा ईश्वर असण्याची शक्यता कितपत उरते, असे ते विचारू लागले. तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली दिलेले उदाहरण या चर्चेत सतत येते. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो. हरणाचे एक पाडस त्यात होरपळते आणि मरण येईपर्यंत काही दिवस तडफडत पडून राहते. तेथे कोणाची निवड नाही, अपराध नाही, पाहून धडा घेणारे कोणी नाही. माणसाच्या स्वातंत्र्याने या पाडसाची वेदना समजावता येत नाही.

ईश्वरवादी : आपल्याला कारण दिसत नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. ईश्वराच्या हेतूंचा थांग माणसाला किती लागणार?

आक्षेपक : हे म्हणणे दोन्हीकडून कापते. ईश्वर असा का वागतो हे आपल्याला कळत नाही, तर तो चांगला वागतो हे तरी कशावरून कळले?

लिस्बन आणि किल्लारी

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्चे प्रार्थनेसाठी भरलेली होती. पडझडीत हजारो माणसे गेली, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आत आल्या आणि शहरात आगी लागल्या. आपले जग हे शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याने १७१० साली सविस्तर मांडले होते. व्हॉल्तेअरने लिस्बनवर लिहिलेल्या कवितेत आणि पुढे १७५९च्या 'कांदीद'मध्ये त्या आशावादाची लक्तरे केली.

रूसोने १७५६ साली व्हॉल्तेअरला पत्र लिहून एक वेगळीच गोष्ट लक्षात आणून दिली. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एका जागी निसर्गाने दाटीवाटीने उभारली नव्हती. ती माणसांनी उभारली होती. माणसे विखरून आणि हलक्या घरांत राहिली असती तर हानी पुष्कळ कमी झाली असती. मराठी वाचकाला या मुद्द्याची खरी पारख किल्लारीवर करता येते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजत आले होते. गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपली होती. सहा रिश्टरच्या वरचा, पण उथळ असा धक्का बसला आणि साडेनऊ हजारांहून अधिक माणसे मेली. एवढ्याच ताकदीच्या धक्क्यात नीट बांधलेल्या शहरांत याच्या मानाने फार थोडी माणसे दगावतात. मारले ते घरांनी. त्या भागातली जुनी घरे माळवदाची: दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांबांवर तुळया आणि त्यांवर मातीचे जड छत. छत गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे नवी माती चढवलेली. भिंतीतले दगड आतल्या अंगाला बाहेरच्या अंगाशी बांधणारे नव्हते. धक्का बसताच भिंती फुटून आत आल्या आणि झोपलेल्या माणसांवर दगडांचा आणि मातीचा ढीग पडला.

ईश्वरवादी : म्हणजे रूसो बरोबर होता. पृथ्वीचे नियम ठरलेले आहेत. ते ठरलेले आहेत म्हणूनच माणसाला शेती करता येते, घर बांधता येते, पुढचा अंदाज घेता येतो. घटकेघटकेला ईश्वर नियम मोडू लागला तर कोणी कशाचाच भरवसा धरू शकणार नाही. नियमांच्या जगात कोठेतरी कोणाला तरी इजा होणार.

आक्षेपक : माळवद बांधणाऱ्याने निवडले काय होते? हाताशी होता तो दगड, शेतातली माती आणि मराठवाड्याच्या उन्हात मिळणारा गारवा. दख्खनच्या या खडकाळ पठाराला स्थिर समजत. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शास्त्रज्ञांना जे ठाऊक नव्हते ते किल्लारीच्या शेतकऱ्याने ओळखायचे होते का?

ईश्वरवादी : मी त्याला दोष देत नाही.

आक्षेपक : मग त्याच्या मरणाचे कारण तुम्ही सांगितले, समर्थन सांगितलेले नाही.

वादातला हा सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. एखादी आपत्ती कशी आली हे सांगणे वेगळे आणि ती येऊ देणे योग्य होते असे दाखवणे वेगळे. नियमबद्ध जगाचा युक्तिवाद पहिल्या कामासाठी उत्तम आहे. दुसऱ्या कामात त्याला एवढेच म्हणता येते की नियम असलेले जग नियम नसलेल्या जगापेक्षा बरे. ते खरेही आहे. पण सर्वशक्तिमानाला याहून कमी हानिकारक नियम सुचले नसते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुःखाने घडणारा माणूस

दुःखातून माणूस घडतो, हे उत्तर लोकांच्या तोंडी सर्वांत जास्त असते. ब्रिटिश धर्मचिंतक जॉन हिक यांनी १९६६ साली त्याला व्यवस्थित रूप दिले. जग म्हणजे सुखाने राहण्याची जागा नव्हे, ते चारित्र्य घडवण्याचे ठिकाण आहे, असा त्यांचा आशय. हे घडणे एका आयुष्यात पुरे होत नाही, म्हणून मरणानंतरचे जीवन त्यांना मानावेच लागले.

महाराष्ट्राला याचे जवळचे उदाहरण तुकोबांचे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. या आघातांनी आपण प्रपंचातून सुटून विठ्ठलाकडे वळलो, असा भाव त्यांच्या अभंगांत आहे. स्वतःच्या दुःखाचा असा अर्थ लावण्याचा तुकोबांना पूर्ण अधिकार होता, आणि तो अर्थ त्यांनी स्वतः जगून मिळवलेला होता. पण उपासमारीने मेलेल्या त्यांच्या बायकोचे घडणे कोठे झाले? एकाच्या वैराग्यासाठी दुसरीचा जीव ही देवाची योजना होती असे म्हणणे, तुकोबांवरच्या प्रेमापोटीसुद्धा, मान्य करता येणार नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल ते मनापासून म्हणता येते. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणायला जीभ रेटू नये.

बायबलच्या जुन्या करारातल्या ईयोबाच्या ग्रंथाचा गाभा हाच आहे. ईयोब निरपराध असून त्याची मुले, संपत्ती, आरोग्य सगळे जाते. भेटायला आलेले मित्र त्याला समजावतात की कोठेतरी पाप झाले असणार, कारण देव अन्याय करत नाही. ईयोब ऐकत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाहीच, पण रागावतो तो मित्रांवर, देवाची बाजू घेणाऱ्यांवर. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९१ साली, ईश्वराच्या बचावाचे सगळे तात्त्विक प्रयत्न फसले आहेत असे लिहिताना, ईयोबाच्या या प्रामाणिकपणाला मित्रांच्या खुशामतीपेक्षा वर ठेवले.

बिहार, १९३४

हाच वाद विसाव्या शतकात या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या माणसांत उघडपणे झाला, आणि दोघेही ईश्वर मानणारे होते. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी नेपाळ आणि उत्तर बिहार आठच्या आसपासच्या भूकंपाने हादरले. दोन्हीकडे मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मेली. मुंगेर शहर कोसळले. उत्तर बिहारच्या गाळाच्या मैदानात जमीन फाटली, भेगांतून पाणी आणि वाळू उसळली आणि शेतेच्या शेते वाळूखाली गेली. तुरुंगात असलेले राजेंद्रप्रसाद सुटताच मदतकार्याला लागले.

गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. भूकंप हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड आहे, असे त्यांनी जाहीर सभांतून सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर व्यथित झाले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात ते गांधीजींच्याच बाजूचे होते, म्हणून त्यांचा विरोध अधिक मोलाचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नैसर्गिक आपत्ती भौतिक कारणांनीच घडते, माणसाची पापे कितीही मोठी असली तरी सृष्टीचा डोलारा पाडण्याइतकी ती बलवान नाहीत, आणि असा तर्क गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या अधिक सोयीचा आहे. ही भीती पोकळ नव्हती. हरिजनांना मंदिरे खुली करण्याच्या चळवळीमुळेच देव कोपला, असे म्हणणारे सनातनी होतेच.

गांधीजींनी रवींद्रनाथांचे निवेदन स्वतःच्या 'हरिजन' साप्ताहिकात छापले आणि उत्तर दिले. भौतिक घटना आणि माणसाचे आचरण यांचा संबंध आपल्याला सिद्ध करता येत नाही, पण ती आपली जिवंत श्रद्धा आहे, ती आपल्याला नम्र करते, असे त्यांनी लिहिले. विरोधकांना झोडपण्यासाठी आपण ती वापरली तर ती हीन अंधश्रद्धा ठरेल, हेही त्यांनी मान्य केले. मत मात्र मागे घेतले नाही.

आक्षेपक : दंड अस्पृश्यतेचा, तर दरभंगा-मुंगेरमध्ये ज्यांच्यावर अस्पृश्यता लादली होती त्यांची घरे का पडली?

ईश्वरवादी : याला उत्तर नाही, आणि मी देणारही नाही. गांधीजींनी सगळ्या समाजाला अंतर्मुख व्हायला सांगितले, स्वतःला त्यातून वगळले नाही, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण ईयोबाच्या मित्रांची तळमळही खरी असू शकते. ईश्वर चांगला आहे ही माझी श्रद्धा. अमुक माणूस अमुक कारणासाठी मेला हे मला ठाऊक आहे, असा माझा दावा नाही.

आक्षेपक : एवढे मान्य असेल तर मीही एक मान्य करतो. तुमची श्रद्धा तर्काने अशक्य आहे हे मला सिद्ध करता आलेले नाही. मला ती पटत नाही, एवढेच मी म्हणू शकतो.

या दोन कबुल्यांच्या पलीकडे वाद आजवर गेलेला नाही. त्यांतली पहिली कबुली अधिक निकडीची आहे. पीडितालाच अपराधी ठरवणारे उत्तर, मग ते पूर्वकर्माचे असो, पापाच्या दंडाचे असो की देवाच्या धड्याचे, ईश्वर मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने सारखेच नाकारले पाहिजे. रवींद्रनाथांचा मुद्दा या बाबतीत बरोबर होता आणि गांधीजींचा चूक. दोघांची पूर्ण बाजू १६ फेब्रुवारी १९३४च्या 'हरिजन'मध्ये एकाच अंकात आहे. वाचकाने उताऱ्यांवर न विसंबता तो अंक मिळवून दोघांचे म्हणणे सलग वाचावे.